युवा रोजगाराची राष्ट्रीय धोरणे : नोंदणीपासून टिकाऊ नोकरीपर्यंत

१५ ऑगस्ट २०२५ रोजी लाल किल्ल्यावरून केलेल्या भाषणात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ‘प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना’ सुरू होत असल्याची घोषणा केली. ९९ हजार ४४६ कोटी रुपये खर्चाच्या या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने १ जुलै २०२५ रोजी मंजुरी दिली होती. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या दोन वर्षांत साडेतीन कोटींहून अधिक रोजगारांच्या निर्मितीला साहाय्य करण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. त्यांपैकी १ कोटी ९२ लाख लाभार्थी आयुष्यात प्रथमच संघटित क्षेत्रात नोकरीला लागणारे असतील, असे शासनाने गृहीत धरले आहे.

या योजनेतील एका तरतुदीकडे विशेष लक्ष देणे आवश्यक आहे. प्रथमच नोकरी करणाऱ्या युवकाला एका महिन्याच्या वेतनाइतकी, कमाल १५ हजार रुपयांपर्यंतची रक्कम दोन हप्त्यांत दिली जाणार आहे. पहिला हप्ता सलग सहा महिने नोकरी केल्यानंतर, तर दुसरा बारा महिने पूर्ण झाल्यानंतर आणि आर्थिक साक्षरतेचा अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर मिळेल. म्हणजेच युवक कामाला लागला एवढ्यावर शासन समाधान मानणार नाही. तो त्या कामावर टिकला किंवा कसे, हेही पाहिले जाणार आहे. वरकरणी किरकोळ वाटणारी ही अट, देशाच्या युवा रोजगार धोरणाचा इतिहास लक्षात घेतला असता, महत्त्वाची ठरते. कारण स्वातंत्र्योत्तर काळात या क्षेत्रातील बहुतेक योजनांचे यश नोंदणी, कर्जवाटप आणि प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे यांच्या संख्येवरून मोजले गेले. लाभार्थी एक वर्षानंतर काय करत होता, या प्रश्नाचे उत्तर क्वचितच शोधले गेले.

प्रश्नाचे स्वरूप

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार २०१७-१८ मध्ये देशातील बेरोजगारीचा दर ६.१ टक्के, तर १५ ते २९ वर्षे वयोगटातील दर १७.८ टक्के होता. २०२३-२४ मध्ये हेच आकडे अनुक्रमे ३.२ आणि १०.२ टक्के होते. घट निश्चितच लक्षणीय आहे. तथापि युवकांमधील बेरोजगारी सर्वसाधारण दराच्या तिपटीहून अधिक राहिली, हेही या आकड्यांवरून दिसते.

जानेवारी २०२५ पासून या सर्वेक्षणाची रचना बदलून मासिक अंदाज देण्यास प्रारंभ झाला. चालू साप्ताहिक पद्धतीने काढलेल्या पहिल्या अंदाजानुसार एप्रिल २०२५ मध्ये युवकांमधील बेरोजगारी १३.८ टक्के होती. पूर्वीचे आकडे वर्षभराच्या नेहमीच्या स्थितीवर आधारलेले आहेत, तर साप्ताहिक पद्धतीत मागील सात दिवसांची स्थिती पाहिली जाते. त्यामुळे या दोन आकड्यांची सरळ तुलना करता येत नाही.

बेरोजगारीच्या दरातील घट समजून घेताना रोजगाराच्या प्रकाराकडेही पाहणे आवश्यक ठरते. २०१७-१८ मध्ये कामावर असलेल्यांपैकी ५२.२ टक्के लोक स्वयंरोजगार करत होते. २०२३-२४ मध्ये हे प्रमाण ५८.४ टक्क्यांवर गेले. नियमित वेतनावर काम करणाऱ्यांचे प्रमाण मात्र याच काळात २२.८ वरून २१.७ टक्क्यांपर्यंत खाली आले. महिलांचा श्रमबलातील सहभाग २३.३ वरून ४१.७ टक्क्यांपर्यंत वाढला, ही स्वागतार्ह बाब आहे. परंतु या वाढीचा मोठा भाग शेती, स्वयंरोजगार आणि घरच्या व्यवसायातील विनावेतन मदत या स्वरूपाचा आहे. शेतात आईवडिलांना हातभार लावणारी पदवीधर मुलगी सर्वेक्षणाच्या व्याख्येत रोजगारात असते. तिच्या दृष्टीने मात्र नोकरीचा शोध संपलेला नसतो.

शिक्षण आणि बेरोजगारी यांचे नाते या प्रश्नाचा सर्वांत अस्वस्थ करणारा पैलू आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांनी २०२४ मध्ये प्रकाशित केलेल्या भारतविषयक रोजगार अहवालानुसार, २०२२ मध्ये लिहितावाचता न येणाऱ्या युवकांमधील बेरोजगारी ३.४ टक्के, तर पदवीधर युवकांमधील २९.१ टक्के होती. याचे कारण उघड आहे. गरीब घरातील अशिक्षित तरुणाला बेरोजगार राहणे परवडत नाही. मिळेल ते काम त्याला करावे लागते. ज्या कुटुंबाने पोटाला चिमटा घेऊन मुलाला किंवा मुलीला पदवीपर्यंत शिकवले, ते कुटुंब शिक्षणाला साजेशा कामाची वाट पाहते आणि या प्रतीक्षेत उमेदीची वर्षे निघून जातात.

नावनोंदणीचा कालखंड

देशातील शासकीय सेवायोजन यंत्रणेचा आरंभ जुलै १९४५ मध्ये झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून मुक्त होणाऱ्यांना नागरी जीवनात काम मिळवून देणे हा तिचा मूळ उद्देश होता. पुढे ती सर्व नागरिकांसाठी खुली झाली. १९५९ च्या कायद्याने ठरावीक आस्थापनांना आपल्याकडील रिक्त जागा सेवायोजन कार्यालयांना कळविणे बंधनकारक करण्यात आले. या कायद्यात जागा कळविण्याचे बंधन होते, कार्यालयाने पाठविलेल्या उमेदवारालाच ती देण्याचे नव्हते.

तरीही अनेक दशके दहावी किंवा बारावीचा निकाल लागताच एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव नोंदविणे हा मध्यमवर्गीय कुटुंबांतील शिरस्ता होता. नोंदणीचे कार्ड जपून ठेवले जाई, त्याचे मुदतीत नूतनीकरण होई आणि मुलाखतीच्या पत्राची वाट पाहिली जाई. खासगी क्षेत्राचा विस्तार झाल्यावर आणि शासकीय भरती स्पर्धा परीक्षांतून होऊ लागल्यावर या कार्डाचे महत्त्व ओसरले. जुलै २०१५ मध्ये केंद्राने ‘राष्ट्रीय करिअर सेवा’ हे संकेतस्थळ सुरू करून या यंत्रणेला संगणकीय रूप दिले. १९५९ चा कायदाही २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झाला आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. नोंदणीचे साधन बदलले. परंतु नोंदणीनंतर उमेदवाराचे काय झाले, याचा पाठपुरावा जुन्या कार्यालयांनाही साधला नव्हता आणि तो नव्या व्यवस्थेपुढीलही कळीचा प्रश्न आहे.

कर्ज आणि स्वयंरोजगार

सत्तरच्या दशकाअखेर धोरणाचा भर स्वयंरोजगाराकडे वळला. १५ ऑगस्ट १९७९ रोजी ग्रामीण युवकांना स्वयंरोजगाराचे प्रशिक्षण देणारी योजना सुरू झाली. ‘ट्रायसेम’ या संक्षिप्त नावाने ती गावोगाव परिचित होती. प्रशिक्षित युवकाने एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमातून कर्ज घ्यावे आणि स्वतःचा व्यवसाय सुरू करावा, अशी तिची कल्पना होती. शिवणकाम, सुतारकाम, विद्युत दुरुस्ती यांसारख्या व्यवसायांचे प्रशिक्षण अनेकांनी घेतले. परंतु एकाच परिसरात त्याच व्यवसायाचे अनेक प्रशिक्षित तयार झाले की त्या सर्वांना पुरेल इतके गिऱ्हाईक गावात नसे. १ एप्रिल १९९९ पासून ही योजना स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजनेत विलीन करण्यात आली.

२ ऑक्टोबर १९९३ रोजी सुशिक्षित बेरोजगारांसाठी पंतप्रधान रोजगार योजना सुरू झाली. २००८ मध्ये तिचे आणि ग्रामीण रोजगार निर्मिती कार्यक्रमाचे एकत्रीकरण होऊन पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम अस्तित्वात आला. मुंबईत मुख्यालय असलेला खादी आणि ग्रामोद्योग आयोग त्याची अंमलबजावणी करतो. प्रकल्पखर्चाच्या १५ ते ३५ टक्क्यांपर्यंत अनुदान आणि उर्वरित रकमेसाठी मुख्यतः बँकेचे कर्ज, असे त्याचे स्वरूप आहे. एप्रिल २०१५ मध्ये मुद्रा योजना आली. शिशु गटात ५० हजार, किशोर गटात ५ लाख आणि तरुण गटात १० लाख रुपयांपर्यंतचे कर्ज तारणाविना देण्याची सोय तिच्यामुळे झाली. २०२४ मध्ये, पूर्वीचे तरुण गटातील कर्ज फेडलेल्यांसाठी ही मर्यादा २० लाख करण्यात आली.

सावकाराच्या दारी जाण्याची वेळ ज्यांच्यावर येत होती, त्यांच्यासाठी या योजनांचे मोल मोठे आहे. तथापि रोजगार धोरण म्हणून त्यांची मर्यादाही स्पष्ट आहे. शिशु गटातील कर्जातून हातगाडी, शिवणयंत्र किंवा किराणा दुकानातील माल घेता येतो. त्यातून एका व्यक्तीची उपजीविका उभी राहू शकते, दुसऱ्याला पगारावर ठेवणे सहसा शक्य होत नाही. शिवाय व्यवसाय करण्याची मनोवृत्ती आणि धोका पत्करण्याची आर्थिक क्षमता प्रत्येक युवकाकडे असतेच असे नाही. ज्याला नोकरी हवी आहे त्याला कर्ज देऊन प्रश्न सुटत नाही, हा चार दशकांचा अनुभव आहे.

कौशल्य विकासाचा अध्याय

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ‘लोकसंख्यात्मक लाभांश’ हा शब्दप्रयोग धोरणकर्त्यांच्या भाषेत रूढ झाला. कमावत्या वयाच्या लोकांचे प्रमाण वाढत असताना त्यांना कौशल्ये मिळाल्यास विकासाला गती येईल, असा त्यामागचा विचार होता. २००८ मध्ये राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळ स्थापन झाले आणि २००९ मध्ये पहिले राष्ट्रीय कौशल्य विकास धोरण जाहीर झाले. नोव्हेंबर २०१४ मध्ये स्वतंत्र मंत्रालय निर्माण झाले, तर १५ जुलै २०१५ रोजी प्रधानमंत्री कौशल विकास योजनेचा प्रारंभ झाला.

या योजनेच्या २०१५ ते २०२२ या काळातील तीन टप्प्यांचे परीक्षण करणारा भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांचा अहवाल डिसेंबर २०२५ मध्ये संसदेत मांडण्यात आला. अल्पमुदतीच्या प्रशिक्षणातून प्रमाणपत्र मिळविलेल्यांपैकी सुमारे ४१ टक्के उमेदवारांना काम मिळाल्याची नोंद असल्याचे त्यात नमूद आहे. दुसऱ्या व तिसऱ्या टप्प्यांतील बहुसंख्य उमेदवारांच्या बँक खात्याचे रकाने कोरे होते किंवा त्यांत शून्ये भरलेली होती, असेही लेखापरीक्षणात आढळले. ज्या उमेदवाराचा खाते क्रमांकच उपलब्ध नाही, त्याला नंतर नोकरी लागली का, याची शहानिशा करणे किती कठीण आहे हे वेगळे सांगायला नको.

योजनेच्या चौथ्या टप्प्यात तर दृष्टिकोनच बदलला. पहिल्या तीन टप्प्यांत अल्पमुदतीच्या प्रशिक्षणानंतरच्या नोकऱ्यांची नोंद ठेवली जात असे. चौथ्या टप्प्यात उमेदवाराला आपला मार्ग निवडण्यास सक्षम करण्यावर भर असल्याचे शासनाने संसदेत सांगितले आहे आणि नोकरीचे आकडे पूर्वीप्रमाणे नोंदविले जात नाहीत. प्रत्येक प्रशिक्षणार्थी लगेच नोकरीच शोधतो असे नाही, हा युक्तिवाद काही अंशी मान्य करता येईल. काही जण पुढे शिकतात, काही स्वतःचा व्यवसाय करतात. परंतु त्या प्रत्येक मार्गाची नोंद घेण्याऐवजी मोजणीच थांबविणे हा त्यावरील उपाय होऊ शकत नाही. ग्रामीण विकास मंत्रालयाच्या दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेत प्रशिक्षितांपैकी किमान ७० टक्के जणांना नोकरी देण्याची अट प्रशिक्षण संस्थांवर घातली गेली होती. त्यामुळे अशी अट घालणे प्रशासकीयदृष्ट्या अशक्य नाही, हे स्पष्ट होते.

दीर्घ मुदतीच्या प्रशिक्षणाचा कणा असलेल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्था म्हणजे आयटीआय यांचा प्रश्न निराळा आहे. देशात १४ हजारांहून अधिक आयटीआय आहेत, परंतु नीती आयोगाच्या २०२३ च्या अहवालानुसार त्यांतील जवळजवळ निम्म्या जागा रिकाम्या राहत होत्या. कालबाह्य यंत्रसामग्री आणि प्रशिक्षकांची कमतरता ही त्याची प्रमुख कारणे होत. मे २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एक हजार शासकीय आयटीआयच्या अद्ययावतीकरणासाठी ६० हजार कोटी रुपयांच्या योजनेला मान्यता दिली. त्यांत केंद्राचा वाटा ३० हजार कोटी, राज्यांचा २० हजार कोटी आणि उद्योगांचा १० हजार कोटी रुपयांचा आहे. उद्योगांचा पैसा आणि व्यवस्थापनातील सहभाग प्रत्यक्षात आला, तर कारखान्यात चालणारे यंत्र आणि वर्गात शिकविले जाणारे यंत्र यांतील अंतर कमी होण्याची शक्यता आहे.

शिकाऊ उमेदवारी आणि इंटर्नशिप

प्रशिक्षण आणि नोकरी यांना जोडणारा दुवा म्हणजे शिकाऊ उमेदवारी. त्यासाठीचा कायदा १९६१ इतका जुना आहे. सध्याच्या नियमांनुसार ३० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनी एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के इतके शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना सुरू झाली. विद्यावेतनाचा २५ टक्के, दरमहा कमाल १,५०० रुपयांपर्यंतचा वाटा केंद्र शासन उचलते. कागदपत्रांची गुंतागुंत आणि तपासणीचा जाच यांच्या भीतीने लहान उद्योग या व्यवस्थेपासून दूर राहत असत. २०१४ आणि २०१९ मधील सुधारणांनी ती भीती काही प्रमाणात कमी केली.

या पार्श्वभूमीवर २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी रोजगार व कौशल्यविषयक पाच योजनांचे दोन लाख कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. देशातील ५०० आघाडीच्या कंपन्यांमध्ये पाच वर्षांत एक कोटी युवकांना इंटर्नशिपची संधी देणे, हा त्यातील एक भाग होता. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी प्रायोगिक टप्पा सुरू झाला. २१ ते २४ वर्षे वयाच्या युवकांना एक वर्षासाठी दरमहा ५ हजार रुपये आणि एकदा ६ हजार रुपये देण्याची तरतूद त्यात होती.

पहिल्या फेरीत कंपन्यांनी सुमारे १ लाख २७ हजार संधी उपलब्ध करून दिल्या आणि सहा लाखांहून अधिक अर्ज आले. कंपन्यांनी सुमारे ८२ हजार प्रस्ताव दिले. त्यांपैकी सुमारे २८ हजार प्रस्ताव युवकांनी स्वीकारले आणि प्रत्यक्ष रुजू झालेल्यांची संख्या ८,७०० च्या आसपास राहिली. कामाचे ठिकाण घरापासून दूर असणे, कामाचे स्वरूप न पटणे आणि एका वर्षाचा कालावधी लांब वाटणे, ही त्यामागची कारणे पुढे आली. त्यांपैकी पहिले कारण सर्वाधिक विचार करण्याजोगे आहे. तालुक्याच्या गावातील युवकाला महानगरातील कंपनीत जायचे असेल, तर खोलीचे भाडे, खाणावळ आणि प्रवास यांतच ५ हजार रुपये संपून जातात आणि घरून पैसे मागवावे लागतात. ज्यांच्या घरची परिस्थिती तशी नाही, त्यांच्यासाठीच ही योजना प्रामुख्याने होती. दुसऱ्या फेरीत उमेदवारांना आपल्या परिसरातील संधी शोधता याव्यात, अशी सुधारणा करण्यात आली. पहिल्या फेरीचे हे आकडे निराशाजनक असले, तरी अर्जापासून रुजू होण्यापर्यंतचा प्रत्येक टप्पा त्यांत दिसतो आणि म्हणूनच चूक कोठे झाली हे कळू शकले.

मालकांना प्रोत्साहन

नव्या कामगाराच्या भविष्य निर्वाह निधीचा भार शासनाने उचलून मालकाला भरतीसाठी प्रवृत्त करण्याचा प्रयोग २०१६ मधील प्रधानमंत्री रोजगार प्रोत्साहन योजनेपासून सुरू झाला. कोविड काळात ऑक्टोबर २०२० पासून आत्मनिर्भर भारत रोजगार योजना लागू झाली. आरंभी उल्लेखिलेली २०२५ ची योजना याच मालिकेतील पुढची आहे. तिच्यात मालकाला प्रत्येक अतिरिक्त कामगारामागे वेतनाच्या प्रमाणात दरमहा कमाल ३ हजार रुपये दोन वर्षे मिळतील. उत्पादन क्षेत्रासाठी ही मुदत चार वर्षांची आहे. ५० पेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेने किमान दोन आणि त्याहून मोठ्या आस्थापनेने किमान पाच अतिरिक्त कामगार घेऊन त्यांना किमान सहा महिने टिकविले पाहिजे, अशी अट आहे.

अशा योजनांबाबत अर्थशास्त्रज्ञ एक आक्षेप नेहमी घेतात. जी भरती अनुदानाशिवायही झालीच असती, तिलाच अनुदान मिळत असेल, तर नव्याने निर्माण झालेले रोजगार किती, हे सांगता येत नाही. आधीपासून काम करणाऱ्या कामगाराचे नाव भविष्य निर्वाह निधीत प्रथमच नोंदविले गेले, तर कागदावर नवा रोजगार दिसतो. त्या कामगाराला सामाजिक सुरक्षा मिळाली हा लाभ खरा असला, तरी देशात एक काम वाढले असे म्हणता येत नाही. शिवाय भविष्य निर्वाह निधीचा कायदा सर्वसाधारणपणे २० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होतो. त्यामुळे ज्या लहान दुकानांत आणि कारखान्यांत बहुसंख्य युवक पहिले काम करतात, ती या प्रोत्साहनाच्या कक्षेबाहेर राहण्याचा संभव आहे.

शासकीय नोकरीची प्रतीक्षा

खासगी क्षेत्रातील नोकरी अल्प वेतनाची आणि अनिश्चित असेल, तर युवक शासकीय सेवेकडे वळणे स्वाभाविक आहे. जुलै २०२२ मध्ये लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार २०१४-१५ ते २०२१-२२ या आठ वर्षांत केंद्र शासनाच्या नोकऱ्यांसाठी २२ कोटी ५ लाख अर्ज आले आणि ७ लाख २२ हजार उमेदवारांची शिफारस झाली. एकाच उमेदवाराचे अनेक अर्ज असतात हे लक्षात घेतले, तरी स्पर्धेची तीव्रता यावरून कळते. जानेवारी २०२२ मध्ये रेल्वे भरतीच्या निकालावरून बिहार आणि उत्तर प्रदेशात झालेल्या आंदोलनामागे हीच अस्वस्थता होती. त्या भरतीत सुमारे ३५ हजार जागांसाठी सव्वा कोटी अर्ज आले होते.

ऑक्टोबर २०२२ पासून केंद्राने रोजगार मेळाव्यांतून नियुक्तिपत्रे देण्यास सुरुवात केली. परीक्षांतील गैरप्रकार रोखणारा कायदा जून २०२४ पासून अमलात आला. भाषेच्या दृष्टीनेही एक महत्त्वाचा निर्णय झाला. कर्मचारी निवड आयोगाने २०२३ मध्ये बहुविध कर्मचारी पदाची परीक्षा हिंदी व इंग्रजीबरोबरच मराठीसह १३ भाषांत घेतली, तर २०२४ पासून केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतील शिपाई भरतीची परीक्षाही या भाषांत होऊ लागली. बेळगाव, इंदूर, हैदराबाद किंवा सुरत येथील मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यालाही याचा लाभ घेता येतो. तथापि परीक्षा कितीही न्याय्य झाली, तरी जागांची संख्या तिच्यामुळे वाढत नाही.

महाराष्ट्राचा अनुभव

रोजगाराला कायदेशीर हक्काचे स्वरूप देण्याचा मान महाराष्ट्राकडे जातो. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात राज्याच्या उपयोगी पडली. तिचा कायदा १९७७ मध्ये संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यामागे हा अनुभव होता. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत करून वर्षातील हमीचे दिवस १०० वरून १२५ केले. अर्थात अंगमेहनतीच्या कामाची ही हमी सुशिक्षित युवकाच्या अपेक्षांना पुरी पडत नाही.

त्यांच्यासाठी राज्याने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली. बारावी उत्तीर्णांना दरमहा ६ हजार, आयटीआय व पदविकाधारकांना ८ हजार आणि पदवीधरांना १० हजार रुपये विद्यावेतन देऊन त्यांना शासकीय कार्यालये व खासगी आस्थापनांत सहा महिन्यांचे प्रशिक्षण देण्यात आले. २०२५ मध्ये ही मुदत पाच महिन्यांनी वाढविण्यात आली. मुदत संपत आल्यावर प्रशिक्षणार्थींनी सेवेत कायम करण्याची मागणी करत आंदोलने केली. योजनेच्या अटींनुसार तशी हमी नव्हती, हे खरे. परंतु अकरा महिने कार्यालयात टेबल सांभाळल्यावर घरी परतणाऱ्या युवकाला पुढचा टप्पा कोणता, हे सांगणारी व्यवस्थाही नव्हती. राष्ट्रीय पातळीवरील योजनांनी यातून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे.

मागणीची बाजू

वरील सर्व उपाय युवकाला कामासाठी तयार करणारे किंवा त्याला कामापर्यंत पोहोचविणारे आहेत. काम निर्माण होण्याचा प्रश्न त्याहून मोठा आहे. २०२३-२४ च्या आर्थिक पाहणी अहवालानुसार २०३० पर्यंत दरवर्षी सरासरी साडेअठ्ठ्याहत्तर लाख बिगरशेती रोजगार निर्माण होणे आवश्यक आहे. प्रत्यक्षात शेतीवर अवलंबून असलेल्या कामगारांचे प्रमाण २०१८-१९ मधील ४२.५ टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये ४६.१ टक्क्यांपर्यंत वाढले, तर उत्पादन क्षेत्राचा वाटा ११.४ टक्के राहिला. विकसनशील देशात माणसे शेतीकडून कारखान्यांकडे जावीत, ही अपेक्षा येथे उलटी झाली. २०२० पासून १४ क्षेत्रांसाठी राबविण्यात आलेल्या उत्पादनसंलग्न प्रोत्साहन योजनेचा आधार उत्पादन व विक्रीतील वाढ हा होता. वस्त्रोद्योग, चर्मोद्योग, अन्नप्रक्रिया, पर्यटन यांसारखी अधिक हातांना काम देणारी क्षेत्रे वाढली नाहीत, तर प्रशिक्षित युवकांची रांग केवळ लांबत जाईल.

मोजणीचा निकष

ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय श्रम मंत्रालयाने ‘श्रम शक्ती नीती २०२५’ या राष्ट्रीय श्रम व रोजगार धोरणाचा मसुदा सूचनांसाठी प्रसिद्ध केला. राष्ट्रीय करिअर सेवेला रोजगाराच्या क्षेत्रातील सार्वजनिक डिजिटल पायाभूत सुविधेचे रूप देण्याचा विचार त्यात मांडला आहे. निरनिराळ्या मंत्रालयांच्या योजना एका धाग्यात गुंफण्याची ही संधी आहे.

त्यासाठी नव्या यंत्रणेची फारशी गरज नाही. प्रशिक्षणाची नोंद कौशल्य मंत्रालयाकडे, शिकाऊ उमेदवारीची त्याच्या संकेतस्थळावर आणि वेतनाची भविष्य निर्वाह निधी संघटनेकडे असते. उमेदवाराची गोपनीयता राखून या नोंदी जोडल्या, तर कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या व्यवसायाचे प्रशिक्षण घेतलेले किती युवक बारा महिन्यांनंतर कामावर होते, हे दरवर्षी प्रसिद्ध करता येईल. असंघटित क्षेत्रात गेलेल्यांसाठी नमुना सर्वेक्षणाचा मार्ग उपलब्ध आहे. ही माहिती पालकांच्या हाती पडली, तर मुलाला कोणत्या संस्थेत घालावे याचा निर्णय जाहिरातीवरून घ्यावा लागणार नाही. निकृष्ट प्रशिक्षण संस्थांचे अनुदान थांबविण्यासही शासनाला आधार मिळेल.

विकसित भारत रोजगार योजनेच्या नोंदणीची मुदत ३१ जुलै २०२७ रोजी संपते. किती युवकांची नावे नोंदली गेली, याचा आकडा त्या वेळी जाहीर होईलच. त्यांपैकी कितीजणांना बारा महिन्यांनंतरचा दुसरा हप्ता मिळाला आणि मालकाचे अनुदान संपल्यावर त्यांतील किती जण त्याच किंवा अधिक चांगल्या नोकरीत होते, हे आकडेही तितक्याच ठळकपणे जाहीर झाले पाहिजेत. योजनेच्या यशापयशाचा निवाडा त्यावरूनच करणे उचित ठरेल.